ओक ट्री रोडवरचं मेतकूट

अमेरिकेहून परत आलेल्या माणसाकडे लोक चहाला येतात आणि विचारतात, काय काय पाहिलंत? मी नायगारा पाहिला नाही. न्यूयॉर्कचा तो मशालवाला पुतळा बोटीतून लांबून पाहिला, पण वारा इतका होता की निम्मा वेळ डोक्यावरचा स्कार्फ धरण्यातच गेला. तीन महिन्यांत नीट पाहिला तो एकच रस्ता, न्यू जर्सीतल्या एडिसन गावाजवळचा ओक ट्री रोड. त्याचं वर्णन मी आलेल्यांना हौसेनं सांगते आणि दर वेळी त्यातली एक गोष्ट गाळते. इथं गाळणार नाही.

सांगली, निघण्याआधी

मी बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात औषधं देण्याचं काम केलं. खिडकीपलीकडून चिठ्ठी यायची, अलीकडून गोळ्या जायच्या. लेबल, बॅच आणि मुदत पाहिल्याशिवाय मी कुणाच्या हातात साधं मलमसुद्धा ठेवलं नाही. ही सवय घरातही गेली नाही. माझ्या स्वयंपाकघरात हळदीच्या डब्यावरही चिठ्ठी असते.

माझी मुलगी मृणाल नऊ वर्षं एडिसनला आहे. मी तिच्याकडे निघाले हे कळल्यावर व्हायचं तेच झालं. आपल्याकडे अमेरिकेला निघालेलं माणूस म्हणजे सगळ्या ओळखीपाळखीची टपालपेटी. कुणाची चकली, कुणाचं लोणचं, कुणाच्या सुनेसाठी डिंकाचे लाडू. बहुतेकांना मी तोंडावर नाही म्हटलं. समोरच्या दारातल्या कुसुमताईंना मात्र म्हणता आलं नाही.

कुसुमताई सत्त्याहत्तर वर्षांच्या, एकट्या. त्यांचा मुलगा अभिजित मृणालच्या घरापासून ट्रेननं पाऊण तासावर राहतो. सहा वर्षांत तो घरी आलेला नाही. तो एकदा इकडे आला की व्हिसाचा शिक्का नव्यानं मिळेपर्यंत परत जाता येत नाही. कुणाचं काम महिन्यात होतं, कुणाचं असं लटकतं की तिकडची नोकरी जाते. म्हणून तो येत नाही, आणि तिकडे जाणारं माणूस मिळालं की कुसुमताई त्याच्यासाठी मेतकूट पाठवू बघतात. तेही सहा वर्षांत कुणाबरोबर गेलं नव्हतं, कारण ज्याला त्याला वजनाची अडचण.

"किलोभरच आहे गं नलिनी," त्या म्हणाल्या. "दोन दिवस लागले. हात जरा थरथरतो ना आता, भाजताना जपावं लागतं."

एकात एक अशा तीन पिशव्यांत घालून, प्रत्येक पिशवीला दोऱ्याची गाठ मारून त्यांनी ते माझ्या हातात दिलं. लेबल अर्थातच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी काट्याला बॅग लटकवली. दीड किलो जास्त. आतलं सगळं पलंगावर पसरलं. नातीचा खणाचा परकर-पोलका काढणं शक्य नव्हतं. मृणालची भाजणी, माझी औषधं, चार सुती साड्या. राहिली ती पिवळी पूड. विमानतळावर कुणी अडवून विचारलं की बाई हे काय, तर मी काय सांगणार? आणि तिकडे तर म्हणे सगळंच मिळतं. मी पिशवी बाहेर काढली आणि जिना झाडायला येणाऱ्या सुनीताच्या हातात दिली. उरलेल्या अर्ध्या किलोसाठी एक चादर काढली. साड्या चारही ठेवल्या. त्यातल्या दोन मी तिकडे नेसलेसुद्धा नाही.

कुसुमताईंचं दार उघडंच होतं. आत रेडिओ चालला होता. "ताई, वजन जास्त होतंय," एवढं सांगायला मला दहा पावलं चालावी लागली असती. मी चालले नाही.

एडिसन, पहिला आठवडा

एडिसनच्या घरांना कंपाउंड नाही, त्यामुळे कुणाचं अंगण कुठं संपतं ते कळत नाही. ऑक्टोबर लागला होता आणि झाडं अशी तांबडी-केशरी झाली होती की पहिल्या दिवशी मी मृणालला विचारलं, यांना काही रोग पडलाय का? नऊ वर्षांची इरा, माझी नात, पोट धरधरून हसली. फुटपाथ स्वच्छ, पण त्यावर माणूस नाही. सकाळी फिरायला निघाले की मी आणि खारी. चौथ्या दिवशी मृणालला म्हटलं, मला कुठं तरी गर्दीत ने बाई. ती मला ओक ट्री रोडवर घेऊन गेली.

मोटारीतून उतरले आणि आधी नाकाला कळलं, कुठं आलो ते. तळणीचा वास, उदबत्तीचा वास, भिजलेल्या पुठ्ठ्यांचा वास. आमच्या गणपती पेठेत सणाच्या आधी येतो तसा. काचेआड जरीच्या साड्या नेसलेल्या बाहुल्या उभ्या आणि काचेबाहेर त्यांच्याकडे बघणाऱ्या बायका गुडघ्यापर्यंतच्या कोटात. दागिन्यांच्या दुकानाला लागून मिठाईचं, त्याला लागून व्हिसाचे फोटो काढणारा, वरच्या मजल्यावर पत्रिका बघणारा. पाट्या गुजरातीत, तेलुगूत, पंजाबीत. पानाचं दुकान बंद काचेच्या दाराचं, आत हीटर लावलेला, आणि पान खाऊन बाहेर आलेला माणूस थुंकायला जागा शोधत हैराण. सगळं आपलंच, फक्त हॉर्न वाजत नाही. त्यामुळे मला सारखं वाटत होतं की कान बंद झालेत.

मी सवयीनं हात दाखवून रस्ता ओलांडायला निघाले. इरानं मागून पदर ओढला. "आजी, यू कान्ट जस्ट क्रॉस! बटण दाबायचं!" खांबावरचं बटण दाबून आम्ही दोघी एक पांढरा दिव्याचा माणूस दिसेपर्यंत उभ्या राहिलो. रस्ता पूर्ण रिकामा होता.

किराण्याच्या मोठ्या दुकानात माझी खरी फजिती झाली. भाजी घेतल्यावर मी काउंटरवरच्या बाईंना हिंदीत म्हटलं, थोडा कढीपत्ता वरून द्या ना. त्या बाईंचं नाव हंसाबेन. त्या इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. "बेन, बीस साल बाद किसी ने ऐसे माँगा!" कढीपत्ता तिथं सीलबंद पाकिटात मिळतो, मोजून वीस पानं.

पुढच्या कप्प्यात बाम, चूर्ण, खोकल्याच्या गोळ्या, काढे. माझं अर्धं कपाट तिथं मांडलेलं पाहून मला कोण आनंद झाला. पाहते तो मुदत संपत आलेल्या बाटल्या मागे आणि नव्या पुढे. राहवलं नाही. मी सगळा कप्पा तारखेप्रमाणे लावून टाकला. हंसाबेन मागे येऊन उभ्या होत्या. "आप को यहाँ नौकरी चाहिए क्या?" मृणाल शरमेनं लाल झाली, पण मला फार दिवसांनी कामाचं काही केल्यासारखं वाटलं. घरी आले तर तिच्या फोनवर अभिजितचा मेसेज होता.

'काकू पोचल्या ना? शनिवारी येतो. आईनं मेतकूट दिलंय म्हणे. सहा वर्षं झाली खाऊन.'

ते मेतकूट मी सांगलीतच काढून टाकलं होतं, हे मृणालला सांगावं लागलं.

"आई, सरळ सांग ना त्याला," मृणाल म्हणाली. "वजन जास्त झालं, काढलं. सगळ्यांचंच होतं. तो समजून घेईल."

"आणि त्यानं कुसुमताईंना सांगितलं तर?"

"मग सॉरी म्हण. त्यात काय एवढं?"

मला ते जमलं नसतं. सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईनं थरथरत्या हातानं केलेलं मी जिन्यात देऊन टाकलं, हे तिच्या तोंडावर कसं सांगायचं? मग माझ्या खिडकीमागच्या बत्तीस वर्षांनी मला वाट काढून दिली. चिठ्ठीवरचं औषध शिल्लक नसलं की आम्ही त्याच घटकाचं दुसऱ्या कंपनीचं देत असू. पेशंट कुरकुरला तर सांगायचं, गुण तोच आहे. हजारो लोकांना मी हे सांगितलं आणि ते खरंही होतं.

गुरुवारी पुन्हा ओक ट्री रोड. "मेतकूट? मराठी आइटम नीचे के शेल्फ पे," हंसाबेन म्हणाल्या. दोन कंपन्यांचं होतं. मी खाली बसून दोन्ही पाकिटांवरचे घटक वाचले आणि चांगलं निवडलं. घरी येऊन मंद आचेवर जरा गरम केलं, म्हणजे ताज्याचा वास यावा. वर चिमूटभर सुंठ घातली. तीन पिशव्या, तीन गाठी. आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या गोष्टीचं लेबल फाडून टाकलं. मृणाल बघत होती.

ओक ट्री रोड, शनिवार

अभिजित आला तो स्टेशनवरून चालत. चाळिशीचा, किडकिडीत, कानटोपी काढून खिशात कोंबत आत आला आणि वाकून नमस्कार केला. मृणाल इराला क्लासला सोडायला निघाली होती. तो म्हणाला, "चला काकू, तुम्हाला माझा रस्ता दाखवतो. मग येऊन जेवू."

मृणालच्या मोटारीनं आम्हाला कोपऱ्यावर सोडलं. मी दोनदा आलेल्या त्या रस्त्याला तो 'माझा' म्हणत होता. कुठल्या दुकानातली जिलबी दुपारी चारला गरम निघते ते त्याला ठाऊक. कुठल्या हॉटेलातला डोसा आधी बरा होता आणि मालक बदलल्यावर बिघडला तेही ठाऊक.

"दर दोन आठवड्यांनी येतो," तो म्हणाला. "घ्यायचं काहीच नसतं. नुसता फिरतो. इथं लोक जोरात बोलतात ना, ते ऐकायला बरं वाटतं. माझ्या बिल्डिंगमध्ये शेजाऱ्याचा आवाज मी दोन वर्षांत ऐकला नाहीये."

आम्ही पाणीपुरी खाल्ली. आपल्याकडे भैया एकेक पुरी हातात देतो, आपण खाईपर्यंत तो थांबतो, आपण थांबलो की तो समजतो. इथं कागदी थाळीत सहा पुऱ्या आणि प्लास्टिकच्या पेल्यात पाणी एकदमच हातात देतात. शेवटच्या दोन मऊ पडतात. मी तसं म्हटल्यावर अभिजित म्हणाला, "हो ना. शेवटची सुकी पण देत नाहीत." आणि मग एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाला, "काकू, एक विचारू? तुम्ही समोर राहता. आई कशी आहे, खरं?"

"ठणठणीत आहेत की."

"फोनवर तेच तेच विचारते. मागे दूध उतू गेलं, गॅस विझला, तरी तिला वास आला नाही म्हणे. मी तेव्हापासून झोपलो नाहीये नीट. इथून काय करणार यार... सॉरी काकू. म्हणजे, मला इथून कळणार कसं?"

"अरे, दूध माझंही उतू जातं."

तो हसला. "म्हणून तर तुमची वाट बघत होतो. मेतकूट केलंय म्हणजे ती ठीक असणार. त्याचं माप कुठं लिहिलेलं नाहीये, सगळं तिच्या नाकात आणि हातात. मला ताप आला की मऊ भातावर तेच. एक घास खाल्ला की मला कळेल ती कशी आहे."

आम्ही पानाच्या दुकानासमोर उभे होतो. तिथं, त्या क्षणी, सांगायला हवं होतं. शब्द तोंडापर्यंत आले होते. इतक्यात दुकानदारानं विचारलं, साधं का मसाला, आणि मी म्हटलं मसाला. आज वाटतं, त्या पानवाल्याचा काय दोष? मला गप्प बसायला काहीही पुरलं असतं.

घरी मृणालनं आसट भात केला होता. अभिजितनं गाठी स्वतः सोडल्या, कात्री घेतली नाही. पिशवीत नाक घालून त्यानं वास घेतला. मग भातावर तूप, त्यावर दोन चमचे मेतकूट, आणि बोटांनी नीट कालवून पहिला घास घेतला. चावायचं काही नसतं त्यात, तरी तो चावत राहिला.

"काकू, हे आईनं केलं?"

"हो."

"तिनं स्वतः? कुणाकडून करून नाही ना घेतलं?"

हा दुसरा दरवाजा माझ्यासाठी उघडला होता. कुणाकडून तरी करून घेतलं एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण मला वाटलं त्याला संशय आलाय, आणि मी घाबरून जास्तच बोलले. "माझ्या डोळ्यांदेखत केलं. एकेक डाळ वेगळी भाजली. तीनदा चाळलं फडक्यातून. मी शेजारी बसले होते."

त्यानं मान हलवली. ताट पूर्ण संपवलं, उठून स्वतः घासलं. हात पुसत म्हणाला, "हिंग कमी आहे. मोहरी तर लागतच नाही. सुंठ कुठून आली? तिनं आयुष्यात सुंठ घातली नाही यात." मग खिडकीकडे वळून, हळू आवाजात, "गेली तिची चव."

इरा त्याच्याकडे बघत होती. "अभिमामा, आर यू ओके?"

"येस, येस बेटा."

पिशवीला पुन्हा तशाच तीन गाठी मारून ती त्यानं जपून बॅगेत ठेवली आणि साडेचारची ट्रेन पकडायला निघाला. दार लागल्यावर मृणाल मला एवढंच म्हणाली, "आई, तू काय केलंस?"

मी त्याला फोन करायला हवा होता, त्याच संध्याकाळी. उद्या करू म्हटलं. मग वाटलं, विसरेल तो. मेतकूट ते काय, त्यासाठी कुणी काय करणार आहे?

पुढे दिवाळीत मृणाल मला तिकडे पुन्हा घेऊन गेली. रस्ताभर दिवे, फराळाच्या पेट्या हातात घेऊन थंडीत रांगेत उभी माणसं, कुठून तरी ढोल. मला आवडायला हवं होतं. हंसाबेननी काउंटरवरून हाक मारून विचारलं, "वो मेतकूट अच्छा निकला?" मी हो म्हटलं. त्यानंतर मी त्या दुकानात पाऊल ठेवलं नाही, मोटारीतच बसून राहायचे.

सांगली, परत

आल्याच्या दुसऱ्या दिवशी इराचे फोटो आणि चॉकलेटचा पुडा घेऊन कुसुमताईंकडे गेले. त्या बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या. मी सवयीनं म्हटलं, "बसा तुम्ही, चहा मी करते," आणि आत गेले. ओटा लखलखीत होता. शेगडी नव्हती. सिलिंडर नव्हता. खिडकीत तीन पुडांचा स्टीलचा डबा धुऊन पालथा घातलेला.

"अगं, अभिनं काढायला लावलं," त्या बाहेरून म्हणाल्या. "त्याच्या चुलतभावाला फोन करून सांगितलं त्यानं, दोन दिवसांत सगळं नेलं. दोन वेळा डबा येतो आता. सकाळी चहाचा थर्मास पाठवतात. चांगला असतो डबा. आमटी जरा गोड करतात, एवढंच."

बावन्न वर्षं त्या बाईनं त्या ओट्याशी काढली होती.

"मेतकूट बिघडलं ना माझं," त्या म्हणाल्या. "रागावला नाही हो तो. रडला फोनवर. म्हणाला, आई, तुला वास कळत नाही, चव कळत नाही, एकटी असताना गॅस चालू राहिला तर मी काय करू? मी म्हटलं, ने बाबा. तुझ्या जिवाला घोर नको."

मी बाहेर येऊन त्यांच्या पायाशी जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. काटा, साड्या, सुनीता, नीचे का शेल्फ, सुंठ. काही राखून ठेवलं नाही. मला वाटलं त्या ओरडतील. ओरडायलाच हव्या होत्या. त्यांनी नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"आत्ता फोन लावते त्याला," मी म्हटलं. तिकडे सकाळ होत होती. अभिजित उठलाच होता. त्यालाही सगळं सांगितलं, रडत रडत, पाकिटावरच्या कंपनीच्या नावासकट.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काकू, तुम्ही तिच्या शेजारी बसला होतात ना ती करत असताना? डाळी वेगळ्या भाजल्या, तीनदा चाळलं, तुम्हीच सांगितलं होतं."

"ते खोटं होतं रे."

"मला कळतंय तुम्ही का म्हणताय ते. तिचा ओटा बघून तुम्हाला वाईट वाटलं. मलाही वाटतं." त्याचा आवाज फार मऊ होता. "तिच्यासाठी तुम्ही स्वतःवर घेताय. तुम्ही खूप चांगल्या आहात काकू. पण मी रिस्क नाही घेऊ शकत. इतक्या लांबून नाही."

मी शपथा घेतल्या. सुनीताला बोलवते म्हटलं. तो "हो काकू, हो," म्हणत राहिला, आजाऱ्याला म्हणतात तसं. मग त्याची मीटिंग होती.

फोन ठेवला तेव्हा कुसुमताई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "तुम्ही सांगा त्याला. तुमचं ऐकेल तो. तुमचं काही चुकलं नव्हतं ताई, तुमचं मेतकूट तिकडे पोचलंच नाही."

त्यांनी पदरानं माझे डोळे पुसले, लहान मुलीचे पुसावेत तसे.

"माझं मन राखायला किती बोलशील, नलिनी?" त्या म्हणाल्या. "चुकलंच होतं गं. मला करतानाच वाटलं होतं, मोहरी जरा जास्त भाजली गेली."